वाटीची आतली बाजू

एकदा एका काचकाराच्या शिष्याने आपल्या वस्तादांना जेवायला बोलावले. यात सांगण्यासारखे काय, असे कोणालाही वाटेल. पण त्या गावात या एका जेवणावर शिष्याचे पुढचे आयुष्य ठरत असे, आणि ते जेवण कोणाच्या घरी व्हायचे हे शिष्य नव्हे, वस्ताद ठरवत.

गाव नदीकाठी होते. पात्रात पांढरी स्वच्छ वाळू आणि पाठीशी जळणाला रान, त्यामुळे काचेच्या भट्ट्या तिथे पूर्वापार चालत आलेल्या. जुने कारागीर राजवाड्यांसाठी सुरया फुंकत. त्या सुरयांवर कबुतराच्या मानेवर खेळतात तसे रंग खेळत, आणि एकेक सुरई घडवायला महिनेच्या महिने जात. साध्या घरातल्या बाईने त्या रंगांचे वर्णन ऐकावे आणि पुन्हा चुलीकडे वळावे, एवढाच तिचा त्यांच्याशी संबंध.

आपल्या गोष्टीतल्या वस्तादांनी तरुणपणी एक सोपी रीत शोधून काढली होती. गडद जांभळी काच साच्यात दाबून वाटी काढायची, आणि ती लालबुंद असतानाच तिच्यावर धातूच्या क्षाराचे पाणी फवारायचे. पाणी चर्र करून उडून जाई आणि मागे काचेवर एक अतिशय पातळ पापुद्रा राही. वाटी हळूहळू निवली की त्या पापुद्र्यावर मोरपंखी, सोनेरी, जांभळे रंग हलू लागत. डबक्यातल्या पाण्यावर तेलाचा थेंब पडावा आणि रंग पसरावेत, तसे. वाटी हातात फिरवली की रंगही फिरत. आणि एवढे करून ती वाटी मजुरी करणाऱ्या बाईलाही जत्रेत सहज घेता येई. सुरया फुंकणारे कारागीर तिच्याकडे पाहून नाके मुरडत. वस्तादांचे त्यावर काही म्हणणे नसे. नाक ज्याचे, मुरडण्याचा अधिकारही त्याचाच, असा त्यांचा एकंदर स्वभाव होता.

या रीतीत एक अडचण मात्र होती. क्षार दुरून येई आणि महाग पडे. काच गडद असल्याने ज्या अंगाला फवारा बसे त्याच अंगाला रंग दिसत. दोन्ही अंगांना फवारा मारावा, तर वाटी पुन्हा गरिबाच्या आवाक्याबाहेर जाई. तेव्हा एकच अंग निवडणे भाग होते. वस्ताद जन्मभर वाटीच्या आतल्या बाजूला रंग देत आले होते. असे का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता सांगण्याची त्यांना सवय नव्हती.

आता त्या जेवणाविषयी. शिष्य तयार झाला असे त्याचे त्यालाच वाटले की तो वस्तादांना जेवणाचे आमंत्रण देई. वस्ताद सांगतील त्या घरी दोघे जात आणि शिष्याने घडवलेल्या वाटीत वस्ताद जेवत. जेवण झाल्यावर वस्तादांनी ती वाटी स्वतःच्या हाताने विसळली तर शिष्य उत्तीर्ण. दुसऱ्या दिवशी त्याला साचा मिळे, आणि साचा मिळाला की स्वतःची भट्टी पेटवण्याचा अधिकार. वाटी खरकटी ठेवून वस्ताद उठले, तर आणखी एक वर्ष त्यांच्याच हाताखाली. कारण विचारण्याची पद्धत नव्हती. इतर भट्ट्यांवरचे वस्ताद अशा वेळी गावातल्या एखाद्या सुखवस्तू घराची निवड करत. त्यात शिष्याचा मान राही आणि वस्तादांच्या जिभेचीही सोय होई.

या वस्तादांच्या शिष्याचे नाव भानुदास. हाताने तो खरोखर चांगला होता. त्याचा फवारा कुठे जाड, कुठे पातळ पडत नसे. त्याचे लग्न शेजारच्या गावातल्या सुलोचना नावाच्या मुलीशी येत्या मार्गशीर्षात ठरले होते, पण मुलीच्या वडिलांनी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले होते की आधी साचा, मग अक्षता. जावई दुसऱ्याच्या भट्टीवर राबणारा नको, एवढीच त्यांची अट होती आणि ती वाजवीच होती. भानुदासाचे डोळे आता त्या साच्याकडे लागले होते.

अशातच पेठेतला एक व्यापारी भट्टीवर आला. त्याने भानुदासाचे काम पाहिले, वाट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि त्याला बाजूला घेऊन एक गोष्ट समजावली. दुकानात माल एकात एक रचून ठेवावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला चळतीतली बाहेरचीच बाजू दिसते. सगळी शोभा आत आणि बाहेरून वाटी काळी ठिक्कर, असा माल दुकानदाराने खपवायचा तरी कसा? रंग बाहेरच्या अंगाला दे, मग तुझी भट्टी वर्षभरात काढील तेवढा माल मी उचलतो, असे त्याने वचन दिले. व्यापारी काही लबाड माणूस नव्हता. त्याने सांगितले त्यातले अक्षरही खोटे नव्हते.

भानुदासाने वस्तादांची परवानगी घेऊन बाहेरून रंगवलेल्या वाट्यांची एक खेप काढली आणि दोघे आपापला माल घेऊन जत्रेत बसले. वस्तादांची विकण्याची तऱ्हा विचित्र होती. ते वाटीत थोडे पाणी घालून समोरच्या बाईच्या हातात देत, पाणी ओतून टाकायला सांगत आणि मग आत पाहायला सांगत. एवढा वेळ जत्रेत कोणाला असतो? भानुदासाच्या वाट्या उन्हात दुरूनच चमकत होत्या. लोक त्या चमकीकडे चालत आले, आणि दुपार व्हायच्या आत त्याची खेप संपलीसुद्धा. वस्तादांच्या निम्म्या वाट्या परत भट्टीवर आल्या.

वस्तादांनी भानुदासाच्या हातची एक वाटी उन्हात धरून पाहिली आणि छान निघाली आहे, एवढेच म्हटले. भानुदासाला तेवढे पुरे झाले. त्याने तिथल्या तिथे वस्तादांना जेवणाचे आमंत्रण दिले. वस्तादांनी ते स्वीकारले आणि सांगितले की आपण सरूबाईकडे जेवू.

हे नाव ऐकून भानुदासाचा चेहरा उतरला. सरूबाई गावाच्या टोकाला राहत असे. नवरा वारलेला, पदरात मंजी नावाची एक लहान मुलगी. लोकांच्या गोधड्या शिवून ती पोट भरत असे. दिवस भाद्रपदाचे होते. जुने धान्य सरलेले आणि नवे अजून शेतात उभे. अशा दिवसांत अशा घरी पाहुणे म्हणून जायचे, तेही आपल्या आयुष्याच्या जेवणासाठी, हे त्याला अगदी विपरीत वाटले. त्या बाईला उगाच संकटात टाकायचे आणि आपणही अवघडून बसायचे, यात वस्तादांना काय मिळणार होते?

त्याने त्यावर तोड काढली. आदल्या दिवशी एका टोपलीत तांदूळ, तूरडाळ, तूप आणि गूळ भरून त्याने ती गुपचूप सरूबाईकडे पोचवली. त्यात दया होती, हे खरेच आहे. आपल्या वाटीत पिवळेधमक वरण आणि त्यावर तुपाची धार कशी दिसेल, हाही विचार त्यात होता, हेही खरे आहे. माणसाच्या मनात या दोन गोष्टी शेजारीशेजारी सुखाने नांदतात आणि कोणती आपली, कोणती परकी, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे सरूबाईच्या घराकडे निघाले तेव्हा वस्तादांनी वाटेतच त्याला सांगितले की मला टोपलीचे कळले होते. मी सकाळीच सरूबाईकडे जाऊन आलो. धान्य तुझेच आहे, नीट ठेव आणि उद्यापासून खा, असे तिला सांगितले; पण ही टोपली आली नसती तर आज जे शिजले असते, तेच आज शिजव, असेही बजावून आलो.

भानुदास वाटेतच थांबला. वस्तादांविषयी इतका राग त्याला आजवर कधी आला नव्हता. घरात तांदूळ आणि तूप असताना त्या बाईने पाहुण्यांपुढे पाणीदार कालवण ठेवायचे, ही कसली रीत? गरिबाची परीक्षा घ्यायची की शिष्याची? पण दिवस परीक्षेचा होता आणि साचा वस्तादांच्या हाती होता. तो त्यांच्या मागून चालू लागला.

सरूबाईने गोधडीच्या घड्या घालून दोघांना बसायला दिले. कुळथाचे कढण केले होते आणि ज्वारीच्या भाकरीचा एकेक चतकोर होता. भानुदासाने बरोबर आणलेली नवी वाटी वस्तादांपुढे ठेवली. दारातून येणाऱ्या उजेडात ती अशी झळकली की त्या अंधाऱ्या खोलीत एखादा दागिना येऊन बसावा. मंजी तिच्याकडे बघतच राहिली. भानुदासाचा राग निम्मा तिथेच ओसरला. आपल्या वाटीने या घरातही आपली शोभा राखली, असे त्याला वाटले.

भानुदासापुढे मात्र मंजीची वाटी आली. घरात काचेची तेवढी एकच वाटी होती. सरूबाईच्या नवऱ्याने ती एका जत्रेत वस्तादांकडून घेतलेली. बाहेरून ती वांग्यासारखी काळपट दिसत होती. आपली वाटी पाहुण्याला गेली म्हणून मंजी त्याच्या अगदी शेजारी येऊन बसली आणि तो कसा जेवतो याकडे एकटक पाहू लागली. मायलेकी पाहुण्यांच्या मागून जेवणार होत्या.

जेवणाला फार वेळ लागण्यासारखे काही नव्हतेच. वस्तादांनी शेवटचा घोट घेऊन वाटी खाली ठेवली. ती बाहेरून अजूनही तशीच झळकत होती. आत मात्र नुसती काळी काच होती आणि तळाशी कुळथाचा एक दाणा चिकटला होता. सरूबाईने ती रिकामी वाटी पाहिली. तिचा हात सवयीने पळ्याकडे गेला, पळा पातेल्याच्या तळाला लागला आणि तो खरवडल्याचा आवाज झाला.

"घ्या की बाबा आनखी," ती म्हणाली.

पण तिने पळा वर उचलला नाही. पातेल्यात होते ते तिचे आणि मंजीचे होते. वस्ताद म्हणाले की पोट भरले, आता काही नको. तरीही ती खाली मान घालून त्या वाटीकडेच पाहत राहिली. पाहुण्यापुढे वाटी रिकामी आणि आपण वाढू शकत नाही, यापेक्षा मोठी लाज घरातल्या बाईला नसते. भानुदासालाही तिच्याकडे पाहवेना. त्याने घाईघाईने आपल्या वाटीतले उरलेले कढण संपवले आणि ती खाली ठेवली.

तशी मंजी त्याच्या हातावरून वाकली.

"आला का?" तिने विचारले.

"कोण आला?"

"मोर. वाटी दाराकडं करा जरा."

भानुदासाने वाटी उचलून दाराकडे कलती केली. कढणाचा शेवटचा ओघळ बाजूला सरला आणि तळातून हिरवा, निळा, सोनेरी रंग वर आला. वाटी हलली तसे रंग काठापर्यंत सरकले आणि परत तळाशी गेले. अशा किती वाट्यांवर त्याने स्वतः फवारा मारला होता. पण ती वाटी कोणाच्या घरात, जेवण झाल्यावर, हातात धरून त्याने कधीच पाहिली नव्हती. मंजीने त्याला सगळे नीट समजावून सांगितले. मोर कढणाखाली बसलेला असतो. थोडे जरी उरले तरी तो येत नाही. सगळे संपवले की मगच येतो.

सरूबाईने मुलीला दटावले, आणि मग दारापाशी सरकून स्वतःही त्या वाटीत डोकावली. पाहुणे आल्यापासून प्रथमच तिच्या चेहऱ्यावर हसू दिसले.

"रोजचंच हाय तिचं," ती म्हणाली. "वाटी रिती झाली की मोर बघत बसती. तेवढ्यात मी पातेलं उचलून ठेवती. मग मागायचं राहूनच जातं तिचं. म्हनून ही वाटी मी राखेनं घासत न्हाई, नुसत्या हातानं धुती."

हे तिने अगदी सहज सांगितले. भानुदासाला मात्र ते सहज ऐकता आले नाही.

थोड्या वेळाने वस्ताद उठले. त्यांनी हात धुतले, सरूबाईला आशीर्वाद दिला, मंजीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते दाराबाहेर पडले. भानुदासाची नवी वाटी होती तिथेच, खरकटीच राहिली.

दोघे नदीच्या बांधाशी आले. मार्गशीर्षातले लग्न गेले, व्यापाऱ्याचे काम गेले, आणि सासऱ्यांना काय तोंड दाखवायचे हा प्रश्न उभा राहिला. हे सगळे भानुदासाच्या मनात चालले होते. पण त्याहून अधिक त्याला ते पातेले उचलून ठेवणे छळत होते. शेवटी पद्धत मोडून त्याने विचारले, "वस्ताद, रंगानं पोट भरतं का?"

वस्ताद बांधावर बसले. त्यांनी त्यालाही बसायला सांगितले.

"नाही भरत," ते म्हणाले. "भरतं असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. तू टोपली पाठवलीस ते चांगलं केलंस. मलाही आधीच सुचायला हवं होतं. पोरगी जेवून तृप्त व्हायला हवी, त्याला धान्यच लागतं. काच ते काम करू शकत नाही आणि आपण तसा आव आणू नये."

"मग आत रंग द्यायचा तो कशासाठी?"

"श्रीमंताच्या पानात वाटी रिकामी कधी दिसतच नाही. ती संपायच्या आत पुन्हा भरते. त्याच्या वाटीला बाहेरून रंग असला काय, आतून असला काय, सारखंच. पण आपण वाट्या करतो त्या ज्यांच्यासाठी, त्यांच्या घरात रिकामी वाटी रोज दिसते. आई बघते, पोरं बघतात. तिथं नुसता काळा तळ असावा, असं मला कधी वाटलं नाही. पोट भरणं माझ्या हातात नव्हतं. तळ काळा ठेवायचा की नाही, एवढंच होतं. तेवढं मी केलं."

मग ते म्हणाले, "टोपलीतलं धान्य मी आज शिजू दिलं नाही, त्याचा तुला राग आला. येणारच. पण तुझी वाटी भरलेली कशी दिसते हे पाहायला मला कोणाकडे जायची गरज नव्हती. रिकामी झाल्यावर ती त्या बाईला काय दाखवते, ते पाहायचं होतं. तिनं मान खाली घातली, ते तूही पाहिलंस."

 भानुदासाने मग एक शेवटची शंका काढली. ती कारागिराची शंका होती, आणि प्रामाणिक होती. आतून रंगवलेली वाटी बाजारात खपणार नाही, असे तो म्हणाला.

"कमी खपेल," वस्ताद म्हणाले. "माझी जन्मभर कमीच खपली. तुला त्यावर संसार करायचा आहे, तेव्हा हे ठरवणं तुझ्याकडे. मी तुला वर्षभर थांबवू शकतो. त्यापुढे भट्टी तुझी आणि फवाराही तुझाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी गाडी घेऊन आला. साचा मिळाला नाही हे कळल्यावरही त्याने हरकत घेतली नाही. वर्षभर थांबेन म्हणाला. तोपर्यंत वस्तादांच्या भट्टीवरून बाहेरच्या रंगाचा माल निघाला तरी चालेल, आणि पुढे तुझ्याच नावाने घेईन. एवढे समजूतदार गिऱ्हाईक पुन्हा मिळणे कठीण होते, आणि भानुदासालाही ते कळत होते. त्याने हात जोडले आणि सांगितले की आज नाही आणि वर्षानेही नाही. रंग आतूनच निघेल.

व्यापाऱ्याला हसू आले. "अरे, आत बघतंय कोण?"

"ज्याचं जेवण संपलेलं असतं तो, शेटजी," भानुदास म्हणाला.

व्यापाऱ्याला त्याचा अर्थ लागला नाही. तो दुसऱ्या भट्टीवर गेला. तिथून त्याला हवा तसा माल मिळाला, तो उत्तम खपला आणि पुष्कळ घरांच्या फळ्यांवर चमकत राहिला. भानुदास त्याच दिवशी चालत सासऱ्यांच्या गावी गेला आणि साचा मिळाला नसल्याचे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. वस्तादांनी अडवले का, असे सासऱ्यांनी रागाने विचारले. नाही, माझी वाटी अपुरी होती, असे त्याने उत्तर दिले. लग्न वर्षभर पुढे गेले.

आपणही जेव्हा कोणाच्या पदरात काही घालतो, तेव्हा वाटी भरली एवढे पाहून समाधानाने घरी परततो. ती रिकामी होईपर्यंत तिथे बसून राहिलेला माणूस क्वचितच भेटतो.